वाटीवरचा पत्ता

आमच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, सासूबाईंच्या नावानं घ्यायचं हे मीच ठरवलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर मला दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही. फोडून पाहिलं, नाही असं नाही. नवऱ्याच्या डोक्यावर दोन-तीनदा तरी. पण तो शांतपणे म्हणाला, "फॉर्म कोणी भरला होता?"

आमच्या घरी सगळंच सासूबाईंच्या नावावर होतं. गॅस, टेलिफोन, विजेचं बिल. सासरे रेल्वेत होते, ते लवकर गेले, आणि तेव्हापासून घरात जे नवं येईल ते आईंच्या नावानं यायचं. यवतमाळ-वर्ध्याकडून रायपूरला येऊन राहिलेल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत हीच रीत. वेबसाइटसाठी नाव घेताना मालकाच्या रकान्यात मी आईंचं नाव लिहिलं, फोन घरचा लँडलाइनचा दिला, आणि कळवायला एक मेल हवा म्हणून आईंच्या नावानं एक नवीन मेलबॉक्स उघडून दिला. त्याचा पासवर्ड त्यांनी आपल्या हातानं रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आणि हळदीचं बोट लावलं. शुभ काम म्हणून.

ते रजिस्टर म्हणजे आईंचा जीव. लाल कापडी पुठ्ठ्याचं, लग्नं जुळवायचं. रायपूर राजधानी झालं आणि नागपूर, अमरावती, वर्ध्याकडची कितीतरी मराठी माणसं इथं नोकरीला आली. कोणी सरकारी ऑफिसात, कोणी बँकेत, कोणी संस्थेत. त्यांच्या पोरी मोठ्या झाल्या की आया विचारत यायच्या, "काकू, इथं आपल्यातलं कोणी आहे का हो?" आई रजिस्टर काढायच्या. एक पैसा घ्यायच्या नाहीत. पण नियम एकच होता. पोरीचा फोटो त्यांच्या घराबाहेर जायचा नाही. मुलाच्या आईनं घरी यावं, चहा प्यावा, फोटो पाहावा आणि जावं. प्रत्येक पोरीच्या आईला त्या तसा शब्द द्यायच्या, हातावर हात ठेवून.

मी सरकारी ऑफिसात कंप्युटरच्या कामावर. मला वाटलं, आपण शिकलेली सून, आईंसाठी एवढं तर करू. म्हणून साइट बनवली. त्यावर फोटो नाही, नावं नाहीत, फक्त काम काय ते आणि साइटच्याच नावाचा एक मेलचा पत्ता, माझ्याकडे येणारा. लोक त्या पत्त्यावर पोरीची माहिती आणि फोटो पाठवायचे, मी प्रिंट काढून घरी आणायची, आई रजिस्टरात चिकटवायच्या. छान चालून राहिलं होतं.

आणि मग आली संक्रांत. हळदीकुंकू माझं होतं. आई विधवा, त्यामुळे दरवर्षी त्या आतल्या खोलीत बसून तिळगुळाच्या वड्या मोजायच्या. मी म्हटलं, "आई, बाहेर येऊन बसा, मले काही फरक नाही पडत." त्या म्हणाल्या, "तुले नाही पडत, बाकीच्याले पडते. राहू दे." पण त्या वर्षी वाण काय लुटायचं ते त्यांनी ठरवलं. स्टीलच्या वाट्या. गोलबाजारात गेल्या, तीनशे वाट्या घेतल्या, आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसापुढे जाऊन बसल्या.

आपल्याकडे वाटीवर काय घालतात? घरच्या बाईचं नाव, नाहीतर नुसतं 'संक्रांत'. आईंनी घालायला लावला वेबसाइटचा पत्ता. मी म्हटलं, अहो, नाव तरी घाला. तर म्हणाल्या, "माहं नाव घालून काय करू? ज्या घरी पोट्टी आहे तिच्या मायले पत्ता कामी येईल." तो नावं घालणारा म्हातारा माणूस वैतागला. "माताजी, ये किसका नाम है? बीच में बिंदी काहे को?" आई त्याला म्हणाल्या, "भैया, बिंदी पक्की लगाना, उसके बिना दरवाजा नहीं खुलता." तीनशे वेळा त्याची मशीन टर्रर्र करत राहिली आणि आई शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक वाटी उजेडात धरून पाहत राहिल्या.

माझ्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी वाट्या दिल्या. उरलेल्या आईंनी पिशवीत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी एकेका विधवा बाईच्या घरी स्वतः नेऊन दिल्या. म्हणाल्या, "त्यायच्याही घरी पोट्ट्या आहेत."

पुढची काही वर्षं बरी गेली. मग आम्ही तेलीबांध्याला फ्लॅट घेतला, सगळ्यांकडे मोबाइल आले म्हणून लँडलाइन परत केला. माझं ऑफिस नव्या रायपूरला गेलं. सकाळी बस पकडायची, संध्याकाळी बसची वाट पाहायची. रस्ता एवढा रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जाणार नाही, आणि बस मात्र नावाला. त्या गडबडीत साइटच्या नावाची मुदत संपत आली हे माझ्या गावीही नव्हतं. नाव घेताना मी एकदम बऱ्याच वर्षांचं घेतलं होतं, आपण फार हुशारी केली असं वाटून. आठवणीचे मेल आले. आठ आले. आईंच्या त्या मेलबॉक्समध्ये, जो उघडल्यापासून कोणी उघडला नव्हता. पासवर्डावरची हळद मात्र शाबूत होती.

आता कोणी म्हणेल, मेल येणं बंद झालं तेव्हा तरी कळलं असेल? नाही कळलं! तिथंच तर घोळ झाला. नावाची मुदत संपली ती आषाढात. आमच्यात आषाढापासून कार्तिकापर्यंत चातुर्मास, लग्नं नाहीत. दरवर्षीच त्या चार महिन्यांत मेल आटतात. श्रावण गेला, एक मेल नाही. मी म्हटलं, साहजिक आहे. भाद्रपदात पितृपक्ष. पितृपक्षात कोणी स्थळ पाठवतं का? नवरात्र, दिवाळी. मीच आईंना सांगायची, "आई, तुळशीचं लग्न होऊ द्या, मग बघा कशी झुंबड उडते." त्या म्हणायच्या, "हव."

मुदत संपलेल्या नावाचं असं असतं, हे मला नंतर कळलं. काही आठवडे जुना मालक साधे पैसे भरून ते परत घेऊ शकतो. नंतरचे काही आठवडे दंड भरून. मग पाच दिवस ते कोणाचंच नसतं, सुतकात असल्यासारखं, कोणी शिवायचं नाही. आणि सहाव्या दिवशी जो आधी हात घालेल त्याचं. हे सगळं आमच्या चातुर्मासात शिस्तीत पार पडलं. मी मारे कंप्युटरवाली बाई, तुळशीच्या लग्नाची वाट पाहत बसले होते.

तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. इथंच पंडरी भागात राहतात, दोन पोरी आहेत. आवाज एकदम दबका. "ताई, काकूंनी हे काय सुरू केलं हो?" मी म्हटलं, काय सुरू केलं? "तुम्ही वाटीवरचा पत्ता उघडून पाहा. माझ्या यजमानांनी पाहिलं. मला सांगायलाही लाज वाटते."

उघडलं. पत्त्यांचा जुगार. एक अर्धी उघडी बाई हातात पत्ते धरून डोळा मारून राहिली होती, आणि खाली लिहिलेलं, आत या आणि जिंका. कोणीतरी दूर देशात बसून ते नाव उचललं होतं. वर्षानुवर्षं लोक यायचे असं नाव फुकटात मिळालं, तर जुगारवाल्यांना तेवढंच बरं.

आईंपासून लपवावं असं मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू. पण फोन त्यांच्यासमोरच आला होता आणि माझा चेहरा त्यांना वाचता येतो. म्हणाल्या, "दाखव." दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मी घाईघाईनं सांगत सुटले, आपलं काही गेलं नाही, रजिस्टर घरात आहे, जुने मेल माझ्याकडे आहेत, नुसती पाटी गेली.

"नुसती पाटी," आई म्हणाल्या. "उद्या आपल्या दाराची पाटी काढून कोनी दारूच्या भट्टीवर लावली, तं नुसती पाटीच म्हनशील?"

त्या मग म्हणाल्या, "आन् कोन्या मायनं आता त्या पत्त्यावर पोरीचा फोटो धाडला तं? कोनाकडे जाईन?"

हे त्यांना सुचेल असं मला वाटलं नव्हतं. मला मात्र सुचलं होतं, पहिल्याच मिनिटाला. ज्याचं नाव त्याचा मेल. वाटी पाहून एखाद्या आईनं फोटो पाठवला तर तो सरळ त्या माणसाच्या हातात जाऊ शकत होता. मी खरं ते सांगितलं. आईंचा शब्द गेला होता, आणि माझ्यामुळे गेला होता. त्या उठून आत गेल्या. मी मागून म्हटलं, "आई, मी ते नाव परत आणीन." त्यांनी वळून पाहिलं नाही. "हव," म्हणाल्या.

आता माझा स्वभाव तापट आहे, हे सांगायला हवं. त्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं की नाव विकत हवं असल्यास कळवा. मी कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, डॉलरमध्ये. तेवढ्या पैशांत आमचं स्वयंपाकघर नवं झालं असतं. माझं डोकं असं फिरलं की मी जेवणाच्या सुट्टीत बसून त्याला लांबलचक पत्र लिहिलं. हे एका म्हाताऱ्या बाईचं जन्मभराचं काम आहे, तीनशे घरांत वाट्यांवर हा पत्ता कोरलेला आहे, तुला आई-बहीण नाही का, लाज वाटू दे. पाठवून दिलं आणि खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचं अगदी नम्र उत्तर आलं. किंमत दुप्पट.

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "अरे यार, तूने तो खुद बता दिया कि तीनशे जगह खुदा हुआ है! आता तो काहून कमी करन?" आमच्याकडे असंच आहे, अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि टोमणा मात्र पूर्ण. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण म्हणत होता ते खरं होतं.

मग मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की साइट बंद आहे, वाटीवरचा पत्ता कोणीही उघडू नये, त्यावर मेल पाठवू नये. हा दुसरा मूर्खपणा. उघडू नका म्हटल्यावर कोण राहतं हो? ज्यांनी वाटी माळ्यावर टाकली होती त्यांनीही ती खाली काढून पत्ता उघडून पाहिला. आमच्याच बायकांनी त्या जुगारवाल्याचं दुकान चालवून दिलं.

तेव्हा मला एकच मार्ग दिसला. त्यानं ते नाव वर्षभरासाठी घेतलं होतं. वर्ष संपल्यावर तो पैसे भरायला विसरला, किंवा त्याला गरज उरली नाही, तर ते पुन्हा सुटेल. म्हणजे मी जशी विसरले तसं त्यानं विसरावं, एवढीच आशा. त्याला मी पुन्हा लिहिलं नाही. रोज ऑफिसात गेल्यावर पहिला चहा यायच्या आधी नाव कोणाच्या नावावर आहे ते पाहायची, आणि कामाला लागायची. लोक सकाळी राशिभविष्य पाहतात, तसं.

घरी आई काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, रागावल्या आहेत. दुपारी देवळात जाते म्हणायच्या. मी ऑफिसात, नवरा आपल्या दुकानात, त्यामुळे दुपारी घरात त्या एकट्याच. एकदा मी तापानं घरी होते, तेव्हा त्या कापडी पिशवी घेऊन निघाल्या आणि पिशवीत काहीतरी खणखणलं. म्हटलं, देवळात काय नेऊन राहिल्या? "प्रसादाचं भांडं," म्हणाल्या. एवढा मोठा आवाज एका भांड्याचा? पण ताप होता, मी कूस वळवली.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला निम्म्या बायका आल्या. कोणी तोंडावर बोललं नाही, पण मला कळलं. आईंनी आतल्या खोलीत वड्या मोजल्या. उरलेल्या परत डब्यात भरताना म्हणाल्या, "जास्त झाल्या औंदा." मला असं वाटलं की कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

उन्हाळा गेला, पाऊस लागला. पुन्हा चातुर्मास. वर्ष पुरं झालं आणि एका सकाळी त्या नावापुढची मुदत संपलेली दिसली. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानं पैसे भरले नव्हते! मी कोणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. हो, सरकारी ऑफिसात कंप्युटरवर काम करणारी बाई नजर मानते, काय करता. आठवडे मोजले. साधी मुदत गेली. दंडाची मुदत गेली. मग ते पाच दिवस सुरू झाले.

सहाव्या दिवशी दुपारी साहेबांनी बैठक बोलावली होती. शिपाई दोनदा बोलावून गेला. मी म्हटलं, "भैया, साहब को बोलो दस मिनट." नाव घालायचं, बटण दाबायचं, 'उपलब्ध नाही.' पुन्हा. 'उपलब्ध नाही.' असं किती वेळा केलं कोण जाणे. शिपाई तिसऱ्यांदा आला तेव्हा पडद्यावर आलं, 'उपलब्ध आहे.' घाईत कार्डाचा नंबर दोनदा चुकला. मालकाच्या रकान्यापाशी क्षणभर थांबले आणि परत आईंचंच नाव लिहिलं. फोन आणि मेल मात्र माझा. झालं. नाव आलं. मी बैठकीत जाऊन बसले आणि साहेब काय बोलले त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

संध्याकाळची बस पाऊण तास आली नाही. फोन करून सांगता आलं असतं, पण मला आईंचं तोंड पाहायचं होतं. घरी पोचले, चपला काढायच्या आधी ओरडले, "आई, आणलं! नाव परत आणलं!"

आई लसूण सोलत होत्या. हात पुसले, आत गेल्या आणि रजिस्टर घेऊन आल्या. म्हणाल्या, "मग मीही सांगून टाकते." शेवटच्या पानांवर वाट्या दिलेल्या बायकांची यादी होती, आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. वर्षभर दुपारच्या त्या देवळात जात नव्हत्या. घरोघर जात होत्या. प्रत्येकीला सांगायच्या, चूक आमच्याकडून झाली, वाटी दे, दोन दिवसांत परत आणून देते. पाच-सहा वाट्या जमल्या की ऑटोनं गोलबाजार. त्याच म्हाताऱ्या माणसाकडे. त्यानं सांगितलं, "माताजी, खुदा हुआ मिटता नहीं. ऊपर से बेल बना देता हूँ." त्यानं प्रत्येक पत्त्यावर पानांची वेल कोरली, अशी दाट की खालचं अक्षर दिसू नये. आईंनी शेजारणीची एक वाटी आणून दाखवली. खरंच, काही वाचता येत नव्हतं. बिंदीच्या जागी फूल होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाट्यांवरचा पत्ता गेला, म्हणून त्या पानावर जाणारं माणूस उरलं नाही, म्हणून त्या माणसानं नाव सोडून दिलं असेल. मला ते सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या रोजच्या पाहण्यानं ते सुटलं नव्हतं, एवढं नक्की.

आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. माझं असंच आहे. म्हटलं, "वर्षभर मी तिकडे जीव टांगून बसली होती, आन् तुम्ही सगळं बुजवून टाकलं? आता ते नाव कोण वाचणार? माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता का?"

आई चिडल्या नाहीत. "लोकायच्या पोरी होत्या वं," म्हणाल्या. "तुह्या भरवशावर त्यायले कसं ठेवू? तू आनशील का नाही, कोनाले माहीत होतं?"

मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले. त्या मागोमाग आल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला आणि मापाची वाटी काढून ओट्यावर ठेवली. आमच्या घरची वाटी. मी रोज सकाळी तांदूळ तिनंच मोजायची आणि कधी उलटून पाहिलं नव्हतं. तिच्यावर वेल नव्हती. पत्ता जसाच्या तसा होता, बिंदीसकट.

"हिच्यावर काहून नाही केलं?" मी विचारलं.

"ही आपल्या घरची," आई म्हणाल्या. "तू म्हनली होती ना, आनीन म्हनून."

मला रडू फुटलं. आईंना रडणं आवडत नाही. त्या म्हणाल्या, "भात लाव आता, तो येईन." मी डोळे पुसले, त्या वाटीनं तीन वाट्या तांदूळ घेतले आणि कुकर चढवला.